गरोदरपणातल्या शुगरवर काम करायचंय, पण डॉक्टर न होता?

प्रश्न : मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. कराडजवळच्या गावात राहते. वहिनीला गरोदरपणात शुगर निघाली. बाळ सव्वाचार किलोचं झालं आणि दोन तासांत त्याचीच शुगर एवढी उतरली की काचेत ठेवावं लागलं. आईची शुगर जास्त, मग बाळाची कमी कशी? तेव्हापासून मी हेच वाचतेय. याच विषयात काम करायचंय. बाबा म्हणतात, त्याला डॉक्टरच व्हावं लागतं, तिसऱ्यांदा ‘नीट’ दे. काय करू?

उत्तर : या कारणासाठी तरी ‘नीट’ देऊ नकोस.

तुझ्या कोड्याचं उत्तर तुला एव्हाना सापडलं असणार. वारेतून (प्लासेंटातून) येणाऱ्या हार्मोन्समुळे आईचं शरीर साखर उतरवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं होतं, तिची साखर वाढते. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं आणि बाळ अंगानं भरतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन थोडंच थांबतं! म्हणून बाळाची शुगर उतरते. ही मांडणी १९५०च्या दशकात कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी केली. ते डॉक्टरच होते, एवढं बाबांच्या बाजूनं सांगून टाकते.

आता पुढचं बघ. २००८ साली ‘हापो’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर बायकांची साखर तपासली, बाळांच्या नाळेतलं रक्त घेतलं. खरं तर त्यात बाळाचं इन्सुलिन मोजायला हवं होतं. पण नाळेतलं रक्त घेताना तांबड्या पेशी बऱ्याचदा फुटतात आणि त्यांच्यातून बाहेर पडलेलं द्रव्य इन्सुलिनचा फडशा पाडतं. मोजायला जावं तर आकडा खोटा. म्हणून मोजलं सी-पेप्टाइड : स्वादुपिंडातून ते इन्सुलिनच्या बरोबरीनं निघतं आणि पेशी फुटल्या तरी टिकतं. एका टेस्ट ट्यूबमधली ही गोम ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, बायोकेमिस्ट्री लागते.

आणि हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करताहेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. तरी आपल्या बाळांची कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही! अशा कामात डॉक्टर असतातच, पण गावोगाव फिरून मापं घेणारे, आहारतज्ज्ञ, प्रयोगशाळेतले आणि आकडेमोड करणारेही असतात. यांतली कुठली खुर्ची तुझी, ते ठरव.

मला विचारशील तर एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री. प्राणिशास्त्रावरून प्रवेश मिळतो का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या पात्रतेत आधी वाच. सगळीकडे नियम सारखे नसतात. मग सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. पीएच.डी.साठी परळची प्रजनन आणि बालस्वास्थ्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था डोळ्यांसमोर ठेव. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर तो आत्ताच सोड, या क्षेत्रात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

गोड गोड सांगून तुला फसवणार नाही. पीएच.डी. हातात येईपर्यंत तिशी जवळ येते, त्यानंतरही बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्ट संपला की संपणाऱ्या. घरात लग्नाचा विषय त्याआधीच निघेल. बाबांना हे तूच सांग, नंतर कळण्यापेक्षा बरं. आणि स्वतःला एक विचार : काचेतल्या बाळाकडे बघताना तुला कोडं खुणावत होतं, की त्याला बरं करावंसं वाटत होतं? बरं करावंसं वाटत असेल, तर बाबांचं बरोबर आहे आणि माझं पहिलं वाक्य खोडून टाक.

या सुट्टीत गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये महिनाभर बसायची परवानगी माग. ट्यूबवर लेबल लावणं, सेंट्रीफ्यूज भरणं, तेच तेच काम शंभरदा. कंटाळा येतो का बघ.

आणि हो, वहिनीची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी झाली का? बाळाच्या गडबडीत ती राहून जाते. राहिली असेल तर आधी तिला घेऊन जा.