देहोपस्थितीतली भिंत

‘बंदी प्रत्यक्षीकरण याचिका’ (म्हणजे ‘हेबियस कॉर्पस’: डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, असा आदेश मागणारा अर्ज) असं बातमीत वाचलं, हे मराठी बरोबर आहे का, आणि बेकायदा डांबलेल्या माणसासाठी त्याचा मेहुणा ती करू शकतो का, असं एका वाचकाने विचारलंय.

बरोबर नाही. हिंदीतून जसंच्या तसं उचललंय. तुरुंगखात्याच्या कागदांत कैद्याला ‘बंदी’ म्हणतात, मान्य. पण सकाळी चहाबरोबर पेपर वाचणाऱ्याला बंदी म्हणजे दारूबंदी, नोटबंदी. संविधानाच्या मराठी पाठात, अनुच्छेद ३२ मध्ये, यासाठी ‘देहोपस्थिती’ हा शब्द आहे. तो वापरा.

यावर नाक मुरडणारे लगेच येतात: देह म्हटलं की अंत्यदर्शन आठवतं म्हणे. एक प्रवचनकार तर ‘जळतो तो देह’ म्हणत थेट दह् (जळणे) या संस्कृत धातूला, म्हणजे शब्दाच्या मुळाला, जाऊन भिडतात. साफ चूक. धातू दिह्. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याचा अर्थ ‘उपचय’, म्हणजे भर पडणे, असा देतो; पण गंमत आहे ती त्याच्या दुसऱ्या अर्थात, लिंपण्यात. विषाने माखलेला बाण तो विषदिग्ध. ऋग्वेदात ‘देही’ म्हणजे मातीचा बांध, तट. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘दएझ’ म्हणजे भिंत आणि ‘पइरिदएझ’ म्हणजे चहूबाजूंनी भिंत घातलेली जागा. तोच शब्द ग्रीकांच्या बागेतून फिरत इंग्रजीत पॅराडाइज झाला. ‘संदेह’ही याच घरचा: दोन गोष्टी एकमेकींत लिंपल्या गेल्या की कुठली कोणती ते कळेना! म्हणजे माणसाला चार भिंतींतून बाहेर काढणारा शब्द स्वतःच भिंतीच्या मातीचा. याहून चांगला कुणी घडवून दाखवावा.

माझं भांडण ‘उपस्थिती’शी आहे. ती शाळेच्या हजेरीपटातली. लॅटिनमधलं ‘हेबियस’ हे द्वितीय पुरुषी एकवचनी क्रियापद; हुकूम कैद्याला नाही, डांबणाऱ्याला आहे: तू देह घेऊन हजर हो. तो दरारा ‘उपस्थिती’त पार विरघळला. त्यात १९७३ साली नक्षलवादी नेते कनू संन्याल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अटक कायदेशीर आहे का हे तपासायला माणूस समोर आणायलाच हवा असं नाही. झालं, देहही गेला.

हां, मेहुणा. करू शकतो. आत असलेल्याला येता येत नाही, म्हणूनच नातलग किंवा मित्र त्याच्या वतीने अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाऊ शकतात. मात्र दंडाधिकाऱ्याने रीतसर कोठडी दिली असेल, तर सहसा जामिनाचाच अर्ज करावा लागतो. चॅनेलवाले देहोपस्थिती आणि जामीन दोन्ही एकाच दमात बोलतात, तिकडे लक्ष देऊ नका.