व्ही. शांताराम यांनी स्वतः पडद्यावर कामं केली होती का? सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

हो, केली होती, आणि सुरुवात थेट ‘दो आँखें बारह हाथ’पासून (१९५७) करा. सहा खुनी कैद्यांना उघड्या शेतावर नेऊन माणसात आणू पाहणारा जेलर त्यांनी स्वतः रंगवलाय. आवाज चढवत नाहीत, नुसत्या नजरेवर भूमिका पेलतात. याच चित्रपटात बैलाच्या झुंजीचं दृश्य करताना त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला.

अभिनय त्यांना नवा नव्हताच. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करावं लागे, कॅमेऱ्यापुढचंसुद्धा. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) ते शेलारमामा होते, ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) कर्जात बुडालेला तरुण शेतकरी. पुढे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त (१९४६) सोलापूरच्या कोटणीसांची भूमिका त्यांचीच, आणि तीही जरूर पाहा.

एक मात्र लक्षात ठेवा: ‘सावकारी पाश’ १९३६ साली बोलपटाच्या रूपात पुन्हा निघाला, त्यात शांताराम नाहीत. आणि ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे त्यांचे प्रभात फिल्म कंपनीचे गाजलेले चित्रपट दिग्दर्शनासाठी पाहायचे, तिथे नायक म्हणून ते सापडणार नाहीत.