मुलाला परत बोलावण्याआधी त्याला हे विचारा

(साक्री तालुक्यातील एका शेतकरी वडिलांचे पत्र आले आहे. मुलाने ६८ टक्के गुणांनी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात मेट्रोच्या कामावर एका ठेकेदाराकडे तो साइट इंजिनिअर म्हणून लागला. जमिनीखालच्या वाहिन्या हलवणे आणि नवी मॅनहोल बसवणे हे त्याचे काम. भाऊबंदांपैकी कोणी त्याला रस्त्यातल्या खड्ड्यात उभा पाहिले आणि ‘पोरगा गटारीत काम करतो’ असे गावभर झाले. सोयरिकीची बोलणी सुरू असल्याने मुलाला परत बोलावून एमपीएससीच्या क्लासला घालायचे वडिलांनी ठरवले आहे. चांगला क्लास कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे.)

आदरणीय भाऊसाहेब,

आपल्या पत्रात भाऊबंद आहेत, होणारे सोयरे आहेत, गावातली कुजबूज आहे. मुलाला हे काम आवडते का, याविषयी मात्र एक वाक्यही नाही. त्याच्या ६८ टक्क्यांची मला मुळीच चिंता वाटली नाही. परत बोलावायचे ठरले आहे असे आपण लिहिता, पण ठरवताना त्याला विचारल्याचे कुठे दिसत नाही, आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या मुलाला चार लोकांच्या बोलण्यावरून घरी आणून बसवले, तर पुढच्या कोणत्याही परीक्षेत त्याचे मन लागेल असे मला वाटत नाही.

क्लासचे एका वाक्यात सांगतो: राज्यसेवा किंवा एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा यांसाठी पदवी लागते, त्यामुळे आज तो त्या परीक्षांना बसूच शकत नाही, डिप्लोमावर कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीच्या परीक्षा देता येतात, आणि त्यांची तयारी नोकरी सांभाळूनही होते.

आता त्याच्या कामाविषयी. भुयारी मेट्रोचा बोगदा यंत्राने खोलवरून पुढे सरकतो, त्यामुळे वरच्या वाहिन्यांशी त्याचा सहसा संबंध येत नाही. स्थानक मात्र बहुतेक ठिकाणी रस्ता वरून उघडूनच बांधावे लागते, आणि नेमक्या त्याच जागेत पिण्याच्या पाण्याची वाहिनी, ड्रेनेज, पावसाळी गटार, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली, गॅसचा पाइप असे सारे आधीपासून पडलेले असते. ते हलवल्याशिवाय स्थानकाच्या भिंतींचे काम सुरूच होत नाही. जुन्या शहरात या वाहिन्यांचे नकाशे अनेकदा अपुरे असतात, म्हणून जमिनीत रडारच्या लहरी सोडून अंदाज घ्यायचा आणि मग हाताने चाचणी खड्डे खोदून खात्री करायची. केबल वळवता येते, पाण्याची वाहिनी दाबाखाली असल्याने थोडी वरखाली नेता येते. सांडपाणी मात्र उतारानेच वाहते. वळसा घातला की वाहिनीची लांबी वाढते, पण दोन टोकांमधला उंचीचा फरक तेवढाच राहतो. उतार कमी पडून प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली राहिला, तर गाळ बसू लागतो आणि पुढची कित्येक वर्षे त्या भागातले लोक तुंबलेले पाणी सोसतात. आपण पांझरा नदीकाठचे आहात. फड पद्धतीत बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत पाटाचे पाणी केवळ उतारावर पोचवणाऱ्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या मान दिला. आपला मुलगा लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायचे यंत्र, लावून तेच गणित शहराच्या रस्त्याखाली सोडवतो आहे.

मॅनहोल बसवणे म्हणजे मॅनहोलमध्ये उतरून घाण उपसणे, असे गावाने धरले आणि आपणही ते खरे मानलेत. नवे मॅनहोल कोरड्या खड्ड्यात बसते: तळाला काँक्रीट, त्यावर कारखान्यातून तयार आलेल्या रिंगा, सांध्यांत रबर, आत प्रवाहासाठी उतार दिलेली पन्हळ आणि वर वाहनांचा भार पेलणारे झाकण. गळतीची चाचणी झाल्यावर जुना प्रवाह नव्या वाहिनीत वळवतात, तोही शक्यतो रात्री, प्रवाह कमी असताना. हे अभियंत्याचे काम आहे. आणि जी माणसे खरोखर गटारात उतरतात, त्यांच्याविषयीही लिहिल्यावाचून मला राहवत नाही. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटार साफ करायला उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तरीही माणसे मरत आहेत. यात लाज वाटायला हवी ती उतरवणाऱ्याला. उतरणाऱ्याच्या नावाने आपण नाक मुरडावे, हे मला आपल्या पत्रात सर्वांत जास्त खटकले.

आपण अब्रूची काळजी केलीत आणि जिवाची राहून गेली. नवी वाहिनी चालू मॅनहोलला जोडताना तिथे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि तो वायू जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, त्यामुळे अंदाजाने आत डोकावणे जीवघेणे ठरते. विहिरीची बाजू खचताना आपण पाहिली असेल. रस्त्यातला चरही तसाच खचतो, म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार देणे सुरक्षेच्या नियमांत आहे. तेव्हा आज संध्याकाळी त्याला फोन करा आणि शांतपणे विचारा: जोडणीच्या वेळी वायू मोजण्याचे यंत्र साइटवर असते का, चरांना आधार देतात का, जेसीबी लावण्यापूर्वी खालची विजेची केबल बंद असल्याची लेखी खातरजमा होते का, आणि त्याला नेमणूकपत्र व भविष्य निर्वाह निधी मिळतो का. यांपैकी बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याने तो ठेकेदार अवश्य सोडावा, मात्र हे क्षेत्र सोडू नये. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांनी पाइपलाइन व भुयारी गटारांसाठी खोदलेले रस्ते अनेक वर्षे सोसले आहेत, आणि जमिनीखाली काय आहे हे नीट नोंदवून ठेवणारी माणसे तिथेही हवीच आहेत.

ठेकेदाराकडची नोकरी प्रकल्पापुरती असते, पगार कधी लांबतो, रात्रपाळ्या चुकत नाहीत, हे मी लपवणार नाही. शिवाय पदवीशिवाय आराखड्याच्या कामात आणि वरच्या पदांवर जाणे अवघड होते. म्हणून त्याची इच्छा असेल तर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करणे मला पटते. साइटचा अनुभव घेऊन वर्गात गेलेला विद्यार्थी पुस्तक वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. तो निर्णय मात्र त्याचा. वरच्या चार प्रश्नांची त्याची उत्तरे आणि पदवीविषयीचे त्याचे मत त्याने स्वतः मला लिहून पाठवावे, म्हणजे महाविद्यालयाविषयी मी त्याच्याशीच बोलेन. सोयरिकीच्या बोलण्यात तो काय करतो, हेही त्यालाच सांगू द्या.