वाचकांचे प्रश्न : सीएमएस पारखून घेताना

प्रश्न : आमच्या अभ्यासमंडळाच्या नियतकालिकातील सुमारे ४०० जुने लेख, छायाचित्रे आणि लेखकसूची संकेतस्थळावर आणायची आहे. ओपन सोर्स (म्हणजे जिचा कोड सर्वांना खुला असतो अशी) सीएमएस, म्हणजे संकेतस्थळाचा आशय सांभाळणारी प्रणाली, वापरायची एवढे ठरले आहे. वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल या तिन्हींचे डेमो पाहिले, पण फारसा फरक जाणवला नाही. वापरून पाहायचे तर नेमके काय पाहावे?
– एक वाचक

उत्तर : डेमो पाहून फरक जाणवला नाही, यात नवल नाही. डेमोतले लेख आखूड असतात, चित्रे एका मापाची असतात आणि मथळे एका ओळीत मावतात. आपल्या ४०० लेखांतले असे किती निघतील? तेव्हा त्यांतले सर्वांत अडचणीचे दहा-बारा लेख आधी बाजूला काढा : तळटीपांचा एक, मोठ्या तक्त्याचा एक, तीन लेखकांनी मिळून लिहिलेला एक, लांबलचक मथळ्याचा एक. तिन्ही प्रणाली पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा माहिती साठवणारा डेटाबेस यांवर चालतात, त्यामुळे हे सगळे एकत्र देणारे एक्झॅम्पसारखे पॅकेज घरच्या संगणकावर बसवले की चाचणीसाठी होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) किंवा डोमेन (स्थळाचे नाव) घेण्याची गरज उरत नाही. तेच लेख तिन्हींत भरा. दिसण्याचा विचार, म्हणजे थीमची निवड, तूर्त बाजूला ठेवा.

तीन लेखकांच्या लेखापाशी पहिला फरक दिसेल. वर्डप्रेसच्या मूळ रचनेत एका लेखाला एकच लेखक असतो. अधिक नावे हवी असल्यास प्लगइन, म्हणजे जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम, शोधावे लागते किंवा लेखकांसाठी वेगळे वर्गीकरण करावे लागते. जूमलात लेखकाचे टोपणनाव देता येते आणि आवृत्ती ३.७ पासून स्वतःची फील्डही (माहितीचे रकाने) जोडता येतात. ड्रुपलमध्ये ‘लेखक’ हा स्वतंत्र आशयप्रकार करून एका लेखाला हवे तितके लेखक जोडता येतात, आणि ‘व्ह्यूज’ हे साधन २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून मूळ प्रणालीतच असल्याने लेखकवार, वर्षवार सूची कोड न लिहिता तयार होते. त्यासाठी शिकावे मात्र बरेच लागते.

दुसरी गोष्ट मराठी मथळ्यांची आहे आणि ती इंग्रजी डेमोत कधीच दिसत नाही. वर्डप्रेस मथळ्यावरून लेखाचा वेबपत्ता (यूआरएल) तयार करते आणि त्यासाठी २०० वर्णांची मर्यादा पाळते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह – काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे धरून – पत्त्यात साठवताना नऊ वर्णांची जागा घेते, म्हणजे साधारण २२ चिन्हांतच जागा संपते. ‘स्वातंत्र्यपूर्व काळातील नियतकालिके’ हा मथळा भरून पाहा. पत्ता ‘स्वातंत्र्यपूर्व-काळाती’ एवढ्यावरच तुटतो. पाठोपाठ ‘स्वातंत्र्यपूर्व काळातील नाटके’ हा लेख प्रकाशित केला, तर त्याच्या पत्त्यातून आणखी एक चिन्ह गळते आणि शेवटी २ हा आकडा लागतो. लेखमाला असेल तर असे सारखे दिसणारे पत्ते एकामागून एक साचतात. जूमलात पत्त्यात देवनागरी राहू देणारी ‘युनिकोड एलियस’ ही सोय सुरू केली नाही, तर मथळ्यातली देवनागरी गळून पडते आणि पत्ता म्हणून तारीख व वेळ येते. उपाय अवघड नाही : प्रत्येक लेखाचा आटोपशीर पत्ता हाताने द्यावा. मात्र ही पद्धत ४०० लेख चढवण्यापूर्वी ठरायला हवी, कारण लोकांनी दुवे साठवून ठेवल्यावर पत्ते बदलणे त्रासाचे होते.

तिसरी चाचणी त्या प्रणालीतून आपला आशय घेऊन बाहेर पडण्याची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. भरलेले लेख एक्स्पोर्ट करा आणि कोऱ्या प्रतीत इम्पोर्ट करून पाहा. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये मजकूर असतो, पण चित्रे नसतात, त्यांचे पत्ते तेवढे असतात. जुने स्थळ बंद पडलेले असेल तर चित्रे येणार कुठून? म्हणून खरा बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फाइली, दोन्ही. हा बॅकअप परत बसवून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

आपल्या कामाचा गाभा लेखकसूची असेल आणि मंडळात तांत्रिक बाजू वर्षानुवर्षे सांभाळणारी एखादी व्यक्ती असेल, तर ड्रुपल घ्यावे. तशी व्यक्ती नसेल, तर सूची थोडी उणी राहिली तरी वर्डप्रेसच बरे. जूमलाचा विचार मुख्यतः बहुभाषिक स्थळासाठी करावा. ती सोय त्यात मुळातच आहे.

प्रश्न : ज्या प्रणालीचा कोड कोणालाही वाचता येतो, ती सुरक्षित कशी म्हणायची?
– एक वाचिका

उत्तर : कोड उघडा असल्याने दोष शोधणारे पुष्कळ असतात, पण दुरुस्ती जाहीर झाली की दोष नेमका कुठे होता, हेही सर्वांना कळते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती जाहीर झाल्यावर काही तासांतच हल्ले सुरू झाले, आणि ज्यांनी सात तासांच्या आत अपडेट केले नाही त्यांनी आपले स्थळ ताब्यात गेले असे धरूनच चालावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर कळवले. तेव्हा कोड उघडा आहे का, यापेक्षा आपल्याकडे अपडेट कोण करणार, हे आधी विचारावे. वर्डप्रेस २०१३ च्या आवृत्ती ३.७ पासून किरकोळ व सुरक्षाविषयक अपडेट आपोआप बसवते, पण मोठ्या बदलांकडे लक्ष द्यावेच लागते. आवृत्तीचे आयुष्यही पाहावे : २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ चा आधार, म्हणजे अधिकृत दुरुस्त्या मिळणे, ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि त्यावरून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे साधे अपडेट नव्हते, सगळा आशय नव्या रचनेत हलवावा लागत होता.

प्रश्न : चाचणीसाठी संगणकावर उभे केलेले स्थळच पुढे सर्व्हरवर चढवले तर चालेल का?
– एक वाचक

उत्तर : चालेल, पण करू नये. चाचणीत घालून काढलेली प्लगइन डेटाबेसमध्ये आपले तक्ते आणि सेटिंग मागे ठेवू शकतात. शिवाय वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये घरच्या संगणकाचा पत्ता ठिकठिकाणी नोंदलेला असतो, आणि काही नोंदींत मजकुराची लांबीही सोबत साठवलेली असते. साध्या शोध-आणि-बदलाने पत्ता बदलला तर ती लांबी जुळत नाही आणि सेटिंग निकामी होते. सर्व्हरवर कोरी प्रत बसवा आणि पसंत पडलेली प्लगइन तेवढीच घाला. हलवणे भागच असेल, तर डब्ल्यूपी-सीएलआय या, आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवण्याच्या साधनातील शोध-बदलाची आज्ञा वापरा. ती लांबीचा हिशेब सांभाळते.