क्रूझवरच्या जेवणाला काय घालायचं?

सुट्टीतल्या क्रूझबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी बंदरं आणि व्हिसा मागे पडले. निम्म्याहून जास्त पत्रं रात्रीच्या जेवणाच्या कपड्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही दोघं सात रात्रींच्या क्रूझला जातोय. माहितीपत्रकात ‘दोन फॉर्मल नाइट’ असं छापलंय. यांच्याकडे सूट नाही. दोन जेवणांसाठी शिवून घ्यायचा का? (पुणे)

नका शिवू. आधी जहाज कोणत्या कंपनीचं आहे ते बघा, कारण ‘फॉर्मल’ या शब्दाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. सगळ्यात कडक क्युनार्ड. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्रींत जाणारी ‘क्वीन मेरी २’ त्यांचीच. तिथे गाला ईव्हनिंगला, म्हणजे त्यांच्या फॉर्मल रात्री, पुरुषांनी डिनर जॅकेट (टक्सीडो) किंवा गडद सूट आणि टाय घालणं अपेक्षित असतं. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन. तिथे फॉर्मल रात्रीची सक्तीच नाही. कार्निव्हल ‘एलिगंट’ रात्री ठेवते, पाच दिवसांपर्यंतच्या सफरीत एक आणि त्याहून मोठ्या सफरीत दोन. त्या रात्री फुल शर्ट, पँट आणि वर जॅकेट एवढ्यावर भागतं.

दुसरी गोष्ट, हा नियम मुख्य डायनिंग रूमचा असतो. त्याच वेळी वरच्या डेकवर बुफे चालू असतो आणि तिथे साधे कपडे चालतात. ‘क्वीन मेरी २’वरही गालाच्या रात्री ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी किंग्ज कोर्ट हा बुफे उघडा असतो. म्हणजे सूट नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही. फक्त डायनिंग रूममधलं टेबल त्या रात्री सोडावं लागतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर काळा किंवा नेव्ही ब्लू जोधपुरी बंदगळा घ्या. क्युनार्डच्या नियमातही औपचारिक राष्ट्रीय पोशाखाला मुभा आहे, त्यामुळे टायचा प्रश्नच उरत नाही, आणि परत आल्यावर लग्नकार्यात तोच कोट वापरात येतो. जरीकामाची शेरवानी मात्र कपाटातच राहू द्या. त्या खोलीत सगळे गडद आणि साधे असतात. शेरवानीतला माणूस नवरदेव वाटतो. बंदगळ्याखाली बंद काळे बूट घाला. कोल्हापुरी दिसते छान, पण ओल्या डेकवर चामड्याचा तळ सटकतो आणि बऱ्याच जहाजांवर रात्री पुरुषांच्या उघड्या चपला चालत नाहीत.

फॉर्मल रात्री पैठणी नेसायची हौस आहे. जहाजावर साडी सावरेल का? (कोल्हापूर)

साडी फॉर्मल आहे का, ही शंका आधी काढून टाका. गाउनच्या बरोबरीने चालते. अडचण येते ती जहाजाच्या रचनेमुळे.

पहिली अडचण जागेची. साध्या केबिनमध्ये पलंग आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहतो. तिथे निऱ्या घालताना साडी पलंगावर पसरावी लागते. म्हणून यांना आधी तयार करून बाहेर पाठवा आणि स्वतःसाठी अर्धा तास ठेवा. दुसरी अडचण उंबऱ्याची. केबिनच्या बाथरूमला चार बोटं उंच उंबरा असतो आणि उघड्या डेकवर जाणाऱ्या दारांनाही असतो. साडीची खालची कड जमिनीला टेकत असेल तर पाय अडकतो तो नेमका तिथेच. ज्या चपला रात्री घालणार त्याच घालून साडी नेसा आणि कड जमिनीपासून बोटभर वर ठेवा.

निऱ्यांना कमरेशी एक पिन लावतोच आपण. जहाजावर दुसरी पिन वीतभर खाली, आतल्या बाजूने, दोन-तीन निऱ्यांतूनच घ्या. जिना उतरताना जहाज थोडं जरी कललं तरी निऱ्या पसरतात. या पिनेमुळे पसरत नाहीत. पिन काठातून किंवा जरीतून घालू नका. पदर खांद्यावर घड्या घालून पिनअप करा. मोकळा पदर वेटरच्या ट्रेखाली येतो, शेजाऱ्याच्या सूपच्या वाटीतही जातो. फोटो आत, मोठ्या जिन्याजवळ काढा. चालत्या जहाजाच्या उघड्या डेकवर वाऱ्यापुढे कुठलीच पिन पुरत नाही.

चपलांची टाच रुंद हवी, दोन इंचांपर्यंत. पेन्सिल हील डेकच्या लाकडी फळ्यांमधल्या फटीत रुतते.

आता पैठणीच न्यायची का? नेता येईल, पण आम्ही इरकल, नारायणपेठ किंवा महेश्वरी सुचवू. पैठणी जड असते, विमानाच्या वजनात धरावी लागते आणि तिच्यावर सॉस सांडला तर जहाजावर इलाज नाही. जहाजाच्या लाँड्रीत ती देऊ नका. डाग पडलाच तर चोळू नका, पाणीही लावू नका. कोरड्या नॅपकिनने टिपा, तेलकट असेल तर टाल्कम पावडर भुरभुरून ठेवा आणि घरी आल्यावर ड्रायक्लीनला द्या. नेणारच असाल तर मलमलच्या कापडात गुंडाळा आणि सेंट साडी नेसण्याआधी अंगाला लावा. जरीवर सेंट उडालं तर ती काळवंडते.

ज्यांना नऊवारी सवयीची आहे त्यांनी बेधडक न्यावी. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, जिना आणि उंबरा दोन्ही सोपे जातात. हलत्या जहाजावर सहावारीपेक्षा तीच सोयीची.

डायनिंग रूममधला एसी कडक असतो. साडीच्या रंगाची शाल किंवा स्टोल हाताशी असू द्या.

छोटी इस्त्री नेली तर चालते का? (नाशिक)

नाही. आगीच्या धोक्यामुळे प्रवाशांना इस्त्री आणि स्टीमर दोन्ही नेता येत नाहीत. बंदरावरच्या स्कॅनमध्ये इस्त्री सापडते, काढून ठेवली जाते आणि उतरताना परत मिळते. क्युनार्ड आणि प्रिन्सेसच्या जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईखोली असते, तिथे इस्त्री मिळते. रॉयल कॅरिबियनवर अशी खोली नाही. कपडे प्रेसिंगला द्यावे लागतात आणि प्रत्येक नगाचे पैसे पडतात. द्यायचे तर आदल्या दिवशी द्या, फॉर्मल रात्रीच्या सकाळी सगळ्यांनाच घाई असते.

त्यापेक्षा चुण्याच पडू देऊ नका. कोट, कुर्ता, साडी यांच्या प्रत्येक घडीत ड्रायक्लीनवाल्याची पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला. कापड कापडावर न घासता सरकतं, त्यामुळे घडी बसत नाही. केबिनमध्ये शिरल्याबरोबर कपडे हँगरला लावा. उरलेल्या चुण्यांसाठी सुती शर्ट आणि कोट गरम शॉवरच्या वाफेत दहा मिनिटं टांगा. रेशमी साडी तिथे नको, पाण्याचे थेंब उडाले की डाग राहतात. हँगर कमी पडतात. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेले तर तीन-चार कपडे भिंतीवरच टांगता येतात.

पहिल्या रात्री बॅग उशिरा मिळते असं ऐकलं. खरं आहे का? (ठाणे)

खरं आहे. बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. कधी दुपारी येतात, कधी रात्री आठनंतर. जेवणाची पहिली पाळी साडेपाच-सहाला असेल तर बॅगेची वाट बघत बसता येत नाही. पहिली रात्र फॉर्मल नसते त्याचं एक कारण हेच. तरी हातातल्या पिशवीत एक बरा कुर्ता किंवा शर्ट-पँट, औषधं आणि चार्जर ठेवा.

याहून जास्त फजिती शेवटच्या रात्री होते. मोठ्या बॅगा रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. जेवून आलं की लोक कपडे बदलतात, झोपायचे कपडे अंगावर चढवतात आणि बाकी सगळं बॅगेत भरून बाहेर ठेवतात. सकाळी उठून बघतात तर पँट नाही, बूट नाहीत. म्हणून सकाळचे कपडे, आतले कपडे आणि पादत्राणं पलंगावर मांडून ठेवा, मगच बॅगेची चेन लावा.

फॉर्मल रात्र कोणत्या दिवशी, हे आधी कळतं का? मुलांनाही सूट लागतो का? (बेळगाव)

साधारणपणे जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या संध्याकाळी असते, कारण बंदरावरून दमून आलेल्यांना नटायला वेळ नसतो. नक्की दिवस क्रूझ कंपनीच्या ॲपमध्ये आणि आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत असतो. मुलांना कॉलरचा शर्ट आणि पूर्ण पँट पुरते, मुलींना फ्रॉक किंवा परकर-पोलकं. बाकीच्या रात्री मोठ्यांची न फाटलेली जीन्स बहुतेक जहाजांवर चालते. बनियनसारखा टी-शर्ट आणि पोहण्याचे कपडे घालून डायनिंग रूममध्ये जाता येत नाही. मुंबई-गोवासारख्या दोन-तीन रात्रींच्या सफरीला माणशी एकच ठेवणीतला जोड न्या. तो आणि शाल हातातल्या पिशवीतही मावते.