काकांचे औषध

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात एकत्र कुटुंबात राहतो. माझे दीर मोंढ्यात सोयाबीन घालून आले की रात्री घरीच पीत बसतात. माझ्या ७ वर्षांच्या मुलाने बाटलीत काय आहे असे विचारले, तेव्हा ‘काकांचे औषध आहे’ असे सांगून मी वेळ मारून नेली. परवा त्याला ताप आला, तर तो ‘मला काकांचे औषध दे’ म्हणू लागला. इतक्या लहान मुलाला खरे सांगावे का? सांगायचे तर कसे?
— एक आई

उत्तर : ताई, खरे सांगा, आणि सर्वांत आधी तो ‘औषध’ हा शब्द मागे घ्या. औषध म्हणजे बरे करणारी वस्तू, एवढेच मुलाला ठाऊक असते. त्यामुळे हाताला लागलेली बाटली तो विश्वासाने तोंडाला लावू शकतो. लहान मुलाच्या पोटात थोडी दारू गेली तरी रक्तातील साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपण्याचा धोका असतो. असे कधी घडलेच तर घरगुती उपाय करत न बसता, उलटी काढण्याचा प्रयत्न न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाटली आजच मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवायला लावा.

बोलण्यासाठी दीर पिऊन बसलेले असतानाची वेळ निवडू नका. सकाळी शेताच्या वाटेवर किंवा शेंगा फोडत बसलेले असताना सांगावे : ‘मी तुला औषध म्हणाले, ते माझे चुकले. ती दारू आहे. तिने मेंदूचे काम मंदावते, म्हणून काकांचा तोल जातो आणि बोलणे अडखळते. मुलांनी ती चाखायचीसुद्धा नाही.’ या वयात एवढे पुरते. यकृताचे आजार आणि कर्जबाजारीपणा आत्ताच ऐकवू नयेत. पुढचा प्रश्न तो स्वतः विचारेल, आणि तो बहुधा ‘काका वाईट आहेत का?’ हा असेल. तेव्हा काका आपलेच आहेत, त्यांची पिण्याची सवय मात्र वाईट आहे आणि ती तुझ्यामुळे लागलेली नाही, असे स्पष्ट म्हणावे, कारण घरात आरडाओरडा झाला की आपणच काहीतरी चुकलो असे लहान मुले मनात धरून बसतात. काका पिऊन आले असतील तर त्यांच्या मोटारसायकलवर बसायचे नाही, हेही त्याच बोलण्यात सांगून ठेवा.

आपण लिहिले नाही, तरी विचारते : त्याला टपरीवर तंबाखूची पुडी आणायला कोणी पाठवते का? १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरीही आपल्याकडे पुडी आणणे हे मुलांचेच काम समजले जाते. आजी रोज मिश्री लावत असेल तर तीही तंबाखूच आहे, हे त्याला कळू द्या. दारू तेवढी वाईट आणि मिश्री घरची, असा भेद मुलाला पटत नाही, आणि पटूही नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दिरांना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. ती मोडली की आता आपल्याला काहीतरी होणार, या भीतीत मूल रात्र काढते. शिवाय रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हातापायांना कंप सुटतो, क्वचित झटकेही येतात. म्हणून सोडण्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक विनाशुल्क आहे, आणि तो दिरांनीच लावला पाहिजे असे नाही. त्यांची तयारी होण्याआधीही आपण किंवा आपले पती त्यावर बोलू शकता.