व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ करून पातळ थर चढवतो (इव्हॅपोरेशन). थर चढताना जाडी दाखवणारा क्रिस्टल मॉनिटर 100 नॅनोमीटर दाखवतो, नंतर थराची उंची मोजणाऱ्या प्रोफाइलोमीटरवर 120 भरतात. इव्हॅपोरेशन सोडून स्पटरिंगवर (प्लाझ्मातल्या आयनांनी 'टार्गेट' नावाच्या पाटीतून अणू उडवून थर देणं) जावं का?

नाही. आधी टूलिंग फॅक्टर (क्रिस्टलच्या मानाने नमुन्यावर किती जाड थर चढतो तो गुणक) दुरुस्त करा. क्वार्ट्झ क्रिस्टल जाडी मोजतच नाही. त्यावर वस्तुमान साचलं की कंपनसंख्या उतरते (साउअरब्रेचं 1959 चं समीकरण) आणि तुम्ही भरलेल्या घनतेवरून कंट्रोलर जाडी काढतो. फरक दर वेळी 20 टक्केच येत असेल तर आत्ताच्या टूलिंगला 1.2 ने गुणा, विषय संपला. बॅचगणिक हलत असेल तर बोटीत (धातू तापवायच्या पात्रात) धातू किती भरता, बोट कुठे बसते आणि क्रिस्टलच्या होल्डरला थंड पाणी नीट मिळतंय का ते बघा.

इथेच थांबलो असतो, पण तुम्ही खाली लिहिलंय, 'स्पटरिंगमध्ये पॉवर आणि गॅस फ्लो सेट केला की फिल्म दर वेळी तीच येते.' हेच वाक्य मी आमच्या एका साहेबांकडून इतक्यांदा ऐकलंय की अजून तिडीक उठते.

आम्ही ॲल्युमिनियम टार्गेट लावून आर्गॉन-ऑक्सिजनमध्ये ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर द्यायचो. सकाळच्या पाळीच्या काचा तपकिरी झाक मारायच्या. दुसऱ्या पाळीच्या एकदम स्वच्छ, पण थर पातळ. लॉगशीटवर पॉवर तीच, ऑक्सिजन तोच, वेळही तीच. साहेबांचा निकाल: दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर थर अडवणारं शटर लवकर लावतो आणि वेळ खोटी लिहितो. त्या बिचाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं.

मी म्हणत होतो, लॉगशीटमध्ये कॅथोड व्होल्टेजचा (म्हणजे टार्गेटवरच्या व्होल्टेजचा) रकाना घाला. उत्तर मिळालं, 'पॉवर आपण सेट करतो. व्होल्टेज आपोआप येतं, ते कशाला लिहायचं?' अहो, आपोआप येतं म्हणूनच लिहायचं! टार्गेटवर ऑक्साइड चढलं की दुय्यम इलेक्ट्रॉन (आयन आदळले की टार्गेटमधून निघणारे) जास्त सुटतात, ॲल्युमिनियमचं व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि थर चढण्याचा वेग कित्येक पटींनी पडतो. शेवटी मी स्वतःच्या वहीत लिहायला लागलो. पाळी बदलली की आकडा बदलायचा. व्ह्यूपोर्टमधूनही (चेंबरच्या खिडकीतून) कळायचं: सकाळी प्लाझ्मा निळसर-जांभळा (ॲल्युमिनियमच्या प्रकाशाची 396 नॅनोमीटरची रेषा), नंतर तो रंग फिका.

कारण साधं होतं. सकाळचा गडी आधी नुसत्या आर्गॉनमध्ये प्लाझ्मा पेटवून टार्गेट घासून घ्यायचा, मग ऑक्सिजन सोडायचा. दुसरा ऑक्सिजन आधी सोडून मग पेटवायचा. रिॲक्टिव्ह स्पटरिंगमध्ये (सोडलेला वायू धातूशी संयोग पावतो तेव्हा) हिस्टेरेसिस असतो: ठरावीक पट्ट्यात एकाच फ्लोला टार्गेट धातूसारखंही वागतं आणि ऑक्साइडसारखंही. कुठल्या बाजूने आलात त्यावर ठरतं. फ्लोचा आकडा दोघांचाही खरा होता.

साहेबांनी काय केलं? नवीन मास फ्लो कंट्रोलर (वायू मोजून सोडणारं यंत्र) मागवला. व्होल्टेजचा रकाना शेवटपर्यंत आला नाही, आणि त्या ऑपरेटरची माफीही कोणी मागितली नाही.

म्हणून सांगतो, रिॲक्टिव्ह स्पटरिंग घ्यायचंच असेल तर व्होल्टेज किंवा ती 396 ची रेषा बघून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह क्षणोक्षणी हलवणारं फीडबॅक कंट्रोल सोबत घ्या. तुमच्याकडे कोणी 'फ्लो तोच आहे ना?' म्हणून वाद घालायला आलं, तर फ्लो आधी वाढवत आणि मग कमी करत व्होल्टेजचा आलेख काढा आणि तो त्याच्यासमोर ठेवा. दोन रेषा एकमेकींवर बसत नाहीत हे डोळ्यांना दिसतं, तिथे हुद्दा चालत नाही.

हां, हे सगळं रिॲक्टिव्हचं झालं. शुद्ध आर्गॉनमध्ये नुसता धातू चढवायचा असेल तर तुमचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. पंपिंगचा वेग भरपूर असेल तर हिस्टेरेसिसही जवळजवळ नाहीसा होतो. आणि तुम्हाला चढवायचंय काय, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. साधा ॲल्युमिनियम असेल तर आहे ते इव्हॅपोरेटर पुरे, फक्त क्रिस्टल जुना झाला असेल तर तो आधी बदला.